रंग आला, पण कशामुळे? आमवाताच्या सीरममध्ये इंटरल्युकिन-६ मोजतानाचं एक प्रकरण

तीन किटांनी तीन वेगवेगळी प्रथिनं मोजली होती आणि तिन्ही याद्यांत सर्वांत वर तेच रुग्ण होते. इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-१ बीटा ही ती दाह पसरवणारी तीन प्रथिनं. वहीत रुग्णांची नावं नव्हती, फक्त कोड होते, पण त्या कोडांचा क्रमसुद्धा जवळजवळ सारखाच. कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीने हे तक्ते माझ्यापुढे ठेवले तेव्हा तिला त्यात कसलीच शंका नव्हती. "मॅडम, तिन्ही मार्कर एकत्र वाढलेत. किती छान जुळतंय बघा."

मला खटकलं ते नेमकं हे जुळणंच. आमवातात, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, ही तिन्ही प्रथिनं वाढतात हे खरं आहे. पण रक्तातला त्यांचा मुक्काम वेगळा, ती तयार करणाऱ्या पेशी आणि परिस्थिती वेगळ्या, आणि रक्तात इंटरल्युकिन-१ बीटा तर बहुतेक वेळा इतकं कमी असतं की किटला ते दिसतही नाही. तिघांचा क्रम माणसागणिक असा सारखा यावा, यामागे चौथंच काहीतरी असण्याचा संभव जास्त होता.

संस्थेचं, मार्गदर्शकांचं किंवा किट बनवणाऱ्या कंपनीचं नाव इथे देत नाही. जे घडलं त्याचं कारण एखाद्या कंपनीच्या ढिलाईत नाही. या प्रकारच्या किटची रचना आणि आमवाताच्या रुग्णाचं रक्त एकत्र आलं की ते कुठेही घडू शकतं.

अभ्यासाचा प्रश्न साधा होता. कागल, हुपरी, गडहिंग्लज भागातून उपचाराला येणारे आमवाताचे रुग्ण घ्यायचे. त्यांत बायकाच जास्त, कारण हा आजारच बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो. कुणी उसाच्या शेतात राबणाऱ्या, कुणी घरबसल्या चांदीचे पैंजण जोडणाऱ्या. सकाळी बोटं आखडलेली, मुठी वळत नाहीत. ज्यांचा आरए फॅक्टर (आमवातात रक्तात सापडणारी एक अँटिबॉडी) पॉझिटिव्ह आहे त्यांच्या रक्तात दाह पसरवणारी संदेशवाहक प्रथिनं, म्हणजे सायटोकाइन, निगेटिव्ह रुग्णांपेक्षा जास्त असतात का, हे पाहायचं. तुलनेसाठी सोबत आलेले निरोगी नातेवाईक.

नमुन्यांचं काम विद्यार्थिनीने फार नेटकं केलं होतं आणि पुढे त्याचाच आधार झाला. रक्त गोठू देऊन वेळेत सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवलं होतं. सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा द्रव, छोट्या-छोट्या ट्यूबांत वाटून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवलं होतं, म्हणजे एकच नमुना पुन्हापुन्हा वितळवायची वेळ येत नव्हती. रुग्ण आणि सोबतचे नातेवाईक यांचं रक्त एकाच वेळी काढलं होतं, हेही महत्त्वाचं. आमवातात इंटरल्युकिन-६ पहाटे चढतं आणि दिवस वर येईल तसं उतरतं. रुग्णांचं रक्त पहाटे आणि निरोगी माणसांचं दुपारी काढलं असतं तर नुसत्या घड्याळानेच फरक दाखवला असता.

आता किटविषयी. हे सगळे एलायझा पद्धतीचे किट. १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एव्हा एंगवाल आणि पीटर पेर्लमान यांनी ही पद्धत मांडली; त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये व्हान वीमेन आणि श्यूर्स यांनीही स्वतंत्रपणे. त्याआधी रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खूण लावून इन्सुलिन मोजून दाखवलं होतं. एलायझाने किरणोत्साराच्या जागी रंग देणारं एन्झाइम आणलं. १९७५ मध्ये क्योलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीच्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या तयार करण्याची वाट काढली, आणि आजचे सँडविच किट त्या दोन्हींवर उभे आहेत.

सँडविचचा अर्थ असा. प्लेटच्या प्रत्येक वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्याच्या, तळाला एक अँटिबॉडी चिकटवलेली असते, बहुधा उंदराची. ती सीरममधलं इंटरल्युकिन-६ पकडते. धुतल्यावर दुसरी अँटिबॉडी घालतात, या किटमध्ये शेळीची, बायोटिन लावलेली. ती इंटरल्युकिन-६ ला दुसऱ्या बाजूने धरते. मग बायोटिनला घट्ट धरणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन येतं, त्याच्यासोबत एचआरपी हे एन्झाइम. टीएमबी हे रंग देणारं रसायन घातलं की वेल निळा होतो, आम्ल घातलं की पिवळा, आणि रीडर ४५० नॅनोमीटरवर तो पिवळेपणा मोजतो. स्टँडर्डच्या, म्हणजे प्रमाण ठाऊक असलेल्या नमुन्यांच्या, वक्ररेषेवर तो ठेवला की आकडा मिळतो: एका मिलिलिटरला इतके पिकोग्रॅम. निरोगी माणसात हा आकडा काही पिकोग्रॅमच असतो, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटींवा भाग.

या सगळ्या पायऱ्यांत रीडरने इंटरल्युकिन-६ कधीच पाहिलेलं नसतं. खालची उंदराची अँटिबॉडी आणि वरची शेळीची अँटिबॉडी एकमेकींना कशाने तरी जोडल्या गेल्या, एवढंच रंग सांगतो. मधला दुवा इंटरल्युकिन-६ च आहे हे आपण गृहीत धरतो. निरोगी माणसाच्या सीरममध्ये ते बहुतांशी बरोबर असतं.

पहिल्या बैठकीत नेहमीचे संशयित तपासले आणि भराभर सोडले. किट थर्माकोलच्या खोक्यात जेल पॅकसह आलं होतं, स्टँडर्डची वक्ररेषा छापील पत्रकाशी जुळत होती, म्हणजे वाटेत ते तापलं नव्हतं. प्लेटच्या कडेचे वेल लवकर गरम होऊन जास्त रंग देतात, पण जास्त आकड्यांचे नमुने कडेला एकवटलेले नव्हते. फुटलेल्या तांबड्या पेशींचा लालसर सीरम कुठे दिसला नाही. प्रत्येक नमुना दोन वेलमध्ये लावला होता आणि दोन्हींतला फरक अगदी किरकोळ होता. विद्यार्थिनीचा सर्वांत मोठा दिलासा हाच होता, "डुप्लिकेट बघा ना, किती टाइट आहेत." खरं होतं, आणि तिचा हात पिपेटवर किती स्थिर आहे हे त्यातून कळत होतं. पण चुकीचा दुवा दोन्ही वेलमध्ये सारखाच तयार होत असेल तर दोन्ही आकडे सारखेच चुकतात. डुप्लिकेट हाताची परीक्षा घेतं, किटची नाही.

मग मी सीआरपीचे, म्हणजे दाह दाखवणाऱ्या नेहमीच्या रक्तचाचणीचे, रिपोर्ट मागितले. ते रुग्णालयाच्या नेहमीच्या तपासणीत झालेलेच होते. इंटरल्युकिन-६ यकृताला सांगतं आणि यकृत सीआरपी तयार करतं. दाह खरोखर पेटला असेल तर दोन्ही साधारण सोबत चढतात. इथे यादीच्या टोकावरच्या काही रुग्णांचं सीआरपी चक्क नॉर्मल होतं. याला एक खरा अपवाद आहे आणि तो आधी वगळावा लागतो: टोसिलिझुमॅब घेणाऱ्या रुग्णांत औषध इंटरल्युकिन-६ चं रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटतं ती जागा, अडवतं, त्यामुळे सीआरपी खाली येतं आणि न वापरलं गेलेलं इंटरल्युकिन-६ रक्तात साठून आकडा वर जातो. औषधांच्या नोंदी पाहिल्या. हे औषध त्यांपैकी कुणालाच चालू नव्हतं; बहुतेकांना मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं नेहमीचं औषध होतं.

तिसरी गोष्ट विद्यार्थिनीने स्वतः आधीच करून ठेवली होती, फक्त तिचा अर्थ वेगळा लावला होता. एका अक्षावर आरए फॅक्टर, दुसऱ्यावर इंटरल्युकिन-६, आणि ठिपके सुबक चढत्या रेषेत. प्रबंधाच्या मसुद्यात तोच मुख्य निष्कर्ष होता.

आरए फॅक्टर म्हणजे काय, हे इथे थांबून पाहायला हवं. एरिक वालर या नॉर्वेच्या संशोधकाने १९४० मध्ये एक विचित्र गोष्ट नोंदवली. मेंढीच्या तांबड्या पेशींवर सशाच्या अँटिबॉडी चढवल्या आणि त्यात आमवाताच्या रुग्णाचा सीरम घातला, तर पेशींच्या गुठळ्या होत. १९४८ मध्ये अमेरिकेत रोझ आणि सहकाऱ्यांना तेच दिसलं, आणि वालर-रोझ चाचणी रूढ झाली. गुठळ्या करणारा घटक म्हणजे रुग्णाची स्वतःचीच एक अँटिबॉडी, बहुधा आयजीएम वर्गातली, जी दुसऱ्या अँटिबॉडीच्या शेपटाला, एफसी भागाला, चिकटते. आयजीएमला पाच जोड्या, म्हणजे दहा हात असतात. आणि ही अँटिबॉडी माणसाच्याच आयजीजीवर, म्हणजे रक्तात सर्वांत जास्त असणाऱ्या अँटिबॉडीवर, थांबत नाही, प्राण्यांच्या आयजीजीलाही धरते. आमवाताच्या साधारण ७० ते ८० टक्के रुग्णांमध्ये ती सापडते.

म्हणजे आरए फॅक्टर ओळखण्याची पहिली चाचणीच मुळी तो प्राण्यांच्या अँटिबॉडींना एकत्र बांधतो या गुणावर उभी होती. आणि आपण तोच सीरम अशा वेलमध्ये ओततो जिथे खाली उंदराची अँटिबॉडी आहे आणि वर शेळीची येणार आहे. दहा हातांचा रेणू एका हाताने खालची धरतो, दुसऱ्याने वरची. इंटरल्युकिन-६ नसतानाही रंग येतो. प्रमाण पाहिलं तर हे आणखी पटतं. इंटरल्युकिन-६ पिकोग्रॅममध्ये, आणि जोरदार पॉझिटिव्ह रुग्णात आरए फॅक्टर मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे दहा लाख पटींच्या पुढचा हिशेब. त्यातला अगदी नगण्य अंश जरी असा दुवा बनला तरी खरा संकेत त्याखाली बुडतो.

प्राण्यांच्या अँटिबॉडींना चिकटणाऱ्या इतर अँटिबॉडी निरोगी माणसांतही असू शकतात, विशेषतः सतत जनावरांत वावरणाऱ्यांत. ज्या जिल्ह्यात घरोघरी म्हशी आणि दाराशी शेळ्या, तिथे तुलनेच्या गटाकडेही या नजरेने पाहायला हवं. इथे त्या गटात काही निघालं नाही, पण तपासलं म्हणून ते सांगता येतं.

संशय असणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं. प्रथम नमुने पातळ करून पाहिले. खरं इंटरल्युकिन-६ असेल तर सीरम दुप्पट, चौपट, आठपट पातळ केला आणि आलेल्या आकड्याला त्या पटीने गुणलं की मूळ आकडा परत यायला हवा. आरए फॅक्टर निगेटिव्ह रुग्णांत तो आला. जोरदार पॉझिटिव्ह नमुन्यांत गुणलेला आकडा प्रत्येक पायरीला घसरत गेला. कमी आकड्यांच्या नमुन्यांवर ही चाचणी करता येत नाही, कारण पातळ केल्यावर ते स्टँडर्डच्या सर्वांत खालच्या बिंदूच्याही खाली जातात.

पुढची चाचणी मात्र गाफील ठेवणारी निघाली, आणि अनेक प्रबंध तिच्यावरच विसंबतात म्हणून ती नीट सांगते. नमुन्यात मोजून-मापून शुद्ध इंटरल्युकिन-६ घालायचं आणि ते किती परत सापडतं ते पाहायचं. ८० ते १२० टक्के मिळालं तर ठीक मानतात. संशयित नमुनेही यात सरळ पास झाले. विद्यार्थिनीचा चेहरा उजळला. "म्हणजे किट बरोबर आहे ना, मॅडम?" पण इथला दोष बेरजेचा आहे. खोटा रंग आधीच्या आकड्यातही आहे आणि नंतरच्याही; वजाबाकीत तो निघून जातो आणि घातलेलं तेवढं नेमकं परत मिळतं. ही चाचणी संकेत दाबणारी अडचण पकडते, संकेत फुगवणारी नाही.

खरी परीक्षा झाली ती रिकाम्या आमिषाने. सुदैवाने इंटरल्युकिन-६ चा किट सुट्या अँटिबॉडींचा होता, म्हणजे प्लेटवर अँटिबॉडी आपणच रात्रभर चढवायची. एकाच प्लेटच्या निम्म्या पट्ट्यांवर इंटरल्युकिन-६ पकडणारी उंदराची अँटिबॉडी चढवली. उरलेल्या पट्ट्यांवर त्याच उपवर्गातली, तितक्याच प्रमाणात, पण इंटरल्युकिन-६ शी काहीही देणंघेणं नसलेली उंदराची साधी आयजीजी. बाकी सगळं सारखं: तेच सीरम, तीच शेळीची अँटिबॉडी, तेच स्ट्रेप्टॅव्हिडिन, धुण्याच्या तितक्याच फेऱ्या.

साध्या आयजीजीच्या पट्टीवर सर्वांत तीव्र स्टँडर्डसुद्धा पाण्यासारखा राहिला. म्हणजे तिथे इंटरल्युकिन-६ पकडलं जात नाही याची खात्री झाली. निरोगी नातेवाइकांचे वेल स्वच्छ. आरए फॅक्टर निगेटिव्ह रुग्णांचे वेल स्वच्छ. आणि यादीच्या टोकावर असलेल्यांचे वेल एकेक करून निळे होत गेले. जिथे इंटरल्युकिन-६ ला धरायला काहीच नव्हतं तिथे हा रंग. विद्यार्थिनी काही न बोलता टायमर बघत राहिली, मग वेळेवर आम्ल घातलं आणि प्लेट रीडरमध्ये सरकवली. तिने त्या मिनिटालाही पायरी चुकवली नाही, याचं मला फार कौतुक वाटलं.

उपाय त्यानंतरच्या प्लेटवर केला. सीरम ज्या द्रावणात पातळ करतात त्यात उंदराची आणि शेळीची साधी आयजीजी भरपूर घातली. आरए फॅक्टरचे हात प्लेटपर्यंत पोहोचण्याआधीच त्यात गुंततात. स्टँडर्डही त्याच द्रावणात तयार केले, नाहीतर तुलना बिघडली असती. किटच्या मूळ द्रावणातही प्राण्यांचं काही प्रथिन असतंच, पण ते साधारण सीरमच्या हिशेबाने. इतक्या जोरदार आरए फॅक्टरला ते पुरत नाही. पीईजी-६००० या रसायनाने अँटिबॉडीच खाली बसवण्याचा मार्गही आहे, मात्र त्यासोबत थोडं मोजायचं प्रथिनही जाऊ शकतं, म्हणून तो टाळला.

नव्या द्रावणात साध्या आयजीजीचे वेल जवळजवळ स्वच्छ झाले. खऱ्या पट्ट्यांवर टोकाचे बहुतेक आकडे कोसळले. काही मात्र उंचच राहिले, आणि हे तेच रुग्ण होते ज्यांचं सीआरपीही वाढलेलं होतं. त्यांचे नमुने आता पातळ केल्यावरही गुणाकाराला उतरत होते. आमवातात इंटरल्युकिन-६ वाढतं ही गोष्ट खोटी ठरली नाही. पडला तो आरए फॅक्टरसोबतचा चढता संबंध. तो आजाराचा नव्हताच, किटमधल्या दुव्याचा होता.

याची दुसरी बाजू मला जास्त अस्वस्थ करते. टोकाच्या यादीतल्या एका आक्कांचा आकडा पाहून तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं होतं की इतकं इंटरल्युकिन-६ असेल तर बायोलॉजिक औषधाचा, म्हणजे टोसिलिझुमॅबसारख्या महागड्या औषधाचा, विचार करायचा का. मार्गदर्शक सरांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं, कारण किटवर फक्त संशोधनासाठी असं छापलेलं आहे. त्या आक्कांचं सीआरपी नॉर्मल होतं, बोटांची सूज उतरलेली होती. त्या औषधाचा खर्च शेतमजूर घराला झेपणारा नाही, आणि रिसेप्टर अडवल्यावर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो तो वेगळाच. खोक्यावरची ती छापील ओळ बऱ्याच जणांना कायदेशीर सोपस्कार वाटते. इथे तिने एका माणसाला वाचवलं.

हे आधीच का दिसलं नाही, याचं उत्तर मला प्लेटच्या हिशेबात दिसतं. प्लेटमध्ये ९६ वेल. सात स्टँडर्ड आणि एक ब्लँक (प्रथिन नसलेला कोरा वेल), दोन-दोनदा, म्हणजे १६ गेले. उरले ८०, दोन-दोनदा लावले तर ४० नमुने. किट हजारोंच्या घरात, फेलोशिपचे पैसे कधी येतील याचा नेम नाही. अशा वेळी विद्यार्थी चाळीसही जागा रुग्णांना देतो आणि तपासणीच्या वेलना एकही जागा उरत नाही. मार्गदर्शकही नमुन्यांची संख्या विचारतात, परीक्षकही तीच विचारतात. साध्या आयजीजीची एक पट्टी म्हणजे आठ वेल, चार रुग्णांची जागा. ती पहिल्याच प्लेटवर, सर्वांत जास्त आरए फॅक्टर असलेल्या चार नमुन्यांवर खर्च केली असती तर पुढच्या सगळ्या प्लेट वाचल्या असत्या. माझ्या मते आमवात, ल्युपससारख्या आजारांवर काम करणाऱ्यांनी किट मागवतानाच सुट्या अँटिबॉडींचा प्रकार घ्यावा. तयार लेप दिलेल्या प्लेटमध्ये ही तपासणी करताच येत नाही. शेपटाचा भाग कापून टाकलेल्या अँटिबॉडींचे किंवा कोंबडीच्या अँटिबॉडींचे किटही असतात. आरए फॅक्टर कोंबडीच्या अँटिबॉडीला धरत नाही. आणि रंगीत मण्यांवर एकाच वेळी अनेक सायटोकाइन मोजणारे किट घेणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं: तिथे हाच दोष एका फटक्यात सगळ्या आकड्यांत शिरतो, आणि सगळं एकत्र वाढलेलं पाहून मन आणखी निर्धास्त होतं.

टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-१ बीटाचे किट तयार प्लेटचे होते. त्यांना नव्या द्रावणाने पुन्हा लावायचं तर नवा किट हवा होता, आणि बऱ्याच रुग्णांच्या सीरमची शेवटची ट्यूब इंटरल्युकिन-६ च्या फेरतपासणीतच संपली होती. सरांनी ते दोन्ही तक्ते प्रबंधातून काढले. इंटरल्युकिन-६ चं प्रकरण विद्यार्थिनीने पुन्हा लिहिलं आहे: जुने आणि नवे आकडे शेजारी-शेजारी, साध्या आयजीजीच्या पट्टीचा फोटो, द्रावणात काय किती घातलं त्याचा पूर्ण तपशील, आणि सीआरपीसोबतचा संबंध. मुख्य निष्कर्ष आता लहान झाला आहे. पुढच्या टप्प्यासाठी संमती द्यायला रुग्ण पुन्हा येऊ लागले आहेत आणि मागणीपत्रात या वेळी सुट्या अँटिबॉडींसोबत उंदराच्या आणि शेळीच्या साध्या आयजीजीची वेगळी ओळ आहे.